गुराखी, विणकरीण आणि तीन हजार वर्षांची कविता

जून २०२४ मध्ये इनर मंगोलियाच्या माळावर एक कुपी उतरली. आत १,९३५.३ ग्रॅम माती होती, चंद्राच्या पलीकडच्या बाजूची. ती बाजू पृथ्वीवरून कधीच दिसत नाही आणि तिथली माती त्याआधी कोणीच आणली नव्हती. यानाचं नाव छांग-अ ६ (बातम्यांत 'चांगई' असंही छापून येतं). छांग-अ ही अमरत्वाचं औषध चोरून पिऊन चंद्रावर जाऊन बसलेली स्त्री. आधीच्या मोहिमांमध्ये चंद्रावर फिरलेल्या गाड्यांचं नाव 'युथू', म्हणजे तिथला जेडचा (जेड हा हिरवट मौल्यवान दगड) ससा.

पण मला सगळ्यात आवडतं ते तिसरं नाव. चंद्राच्या पलीकडे उतरलेल्या यानाशी पृथ्वीवरून थेट बोलता येत नाही, चंद्र आड येतो. म्हणून दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवणारा उपग्रह लागतो. चीनने असा पहिला उपग्रह मे २०१८ मध्ये सोडला. त्याचं नाव छुए-छ्याओ, म्हणजे 'मॅगपाय पक्ष्यांचा पूल'.

ही नावं वाचली की आपल्याकडे साहजिक प्रश्न पडतो: हे सगळं त्यांच्या कुठल्या पुराणात आहे? त्यांचं रामायण कोणतं? उत्तर जरा विचित्र आहे. असा एक ग्रंथच नाही. त्यांच्या दंतकथा कवितांच्या ओळींमध्ये विखरून राहिल्या आहेत. म्हणून चिनी कविता कशी वाढत गेली हे समजून घ्यायचं तर त्या पुलाचीच गोष्ट धरून चालणं सोपं. ती जवळजवळ प्रत्येक वळणावर भेटते.

आधी गोष्ट

आकाशात एक नदी आहे. आपण तिला आकाशगंगा म्हणतो. जुने चिनी लोक तिला 'हान' म्हणत, कारण त्यांच्या जमिनीवर हान नावाची नदी होती. दोघांनीही आपापली नदी वर नेऊन ठेवली. या नदीच्या एका काठावर विणकरीण, दुसऱ्या काठावर गुराखी. ती स्वर्गाच्या राजाच्या घरची मुलगी, ढगांचं कापड विणणारी. लग्न झालं आणि दोघं एकमेकांत इतकी रमली की मागावर धूळ साचली. राजा चिडला, त्याने दोघांना दोन काठांवर टाकलं आणि वर्षातून एकच रात्र भेटायची मुभा दिली: सातव्या महिन्याची सप्तमी. त्या रात्री मॅगपाय पक्षी एकमेकांना चिकटून नदीवर पूल करतात आणि ती दोघं पक्ष्यांच्या डोक्यांवरून चालत भेटतात.

मॅगपाय हा कावळ्याच्या कुळातला काळा-पांढरा पक्षी. महाराष्ट्रात तो नाही, पण आपला टकाचोर त्याच घराण्यातला. कावळा ओरडला की पाहुणा येणार असं आपण म्हणतो. तिकडे हा पक्षी ओरडला की शुभवार्ता येते. चंद्रापलीकडच्या निरोप्याला याहून नेमकं नाव मिळालं नसतं.

पहिल्या नोंदीत प्रेम नाही, करवसुली आहे

चिनी कवितेचा सर्वांत जुना संग्रह म्हणजे 'शी-चिंग', ३०५ कवितांचा. त्यातल्या कविता साधारण इसवी सनापूर्वी अकराव्या ते सातव्या-सहाव्या शतकातल्या. निम्म्याहून जास्त म्हणजे १६० कविता 'फंग', वेगवेगळ्या राज्यांतली गाणी: शेतकाम, लग्न, विरह, सैनिकी. बाकीच्या दरबारातल्या आणि पितरांच्या पूजेतल्या. ओळ बहुधा चार अक्षरांची. चिनी लिपीत एक अक्षर म्हणजे एक उच्चार आणि बहुतेक वेळा एक अख्खा शब्द, त्यामुळे चार अक्षरांच्या ओळीत चार शब्द बसतात.

आपले गुराखी आणि विणकरीण या संग्रहात आहेत, पण त्यांचं लग्न झालेलं नाही. किंबहुना ती एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. पूर्वेकडच्या एका राज्यातला माणूस तक्रार करतोय की पश्चिमेचे राज्यकर्ते आम्हाला लुटून नेतात, आमचे माग रिकामे झालेत. मग तो वैतागून आकाशाकडे बघतो. तिथे विणकरीण आहे, दिवसभर सात वेळा जागा बदलते, पण तिच्या हातून कापड काही निघत नाही. तिथे बैल आहे, पण गाडीला जुंपता येत नाही. दक्षिणेला सूप आहे, त्याने पाखडता येत नाही. उत्तरेला पळी आहे, तिने दारू वाढता येत नाही.

सूप आणि पळी हे तारकासमूह. पळी म्हणजे काहींच्या मते आपले सप्तर्षी. कवी म्हणतोय ते असं की वर बसलेले सगळे नावाचेच आहेत, कामाचा कोणी नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्या आसपासची ही कविता आजच्या कुठल्याही तहसील कचेरीबाहेर म्हणता येईल.

या संग्रहाची आणखी एक लकब पुढे सगळ्या चिनी कवितेत उतरली. आधी निसर्गातलं एक चित्र, मग माणसाची गोष्ट, आणि दोघांमध्ये 'जसं-तसं' काही नाही. नदीच्या बेटावर पक्षी साद घालतात. एक देखणी मुलगी, तरुणाला हवीशी. संबंध काय? तो वाचणाऱ्याने लावायचा. याला ते 'शिंग' म्हणतात. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्यांना हे नवीन वाटणार नाही. पहिल्या ओळीत पाऊस नाहीतर तुळस, दुसऱ्या ओळीत भाऊ, आणि मधला पूल गाणारीच्या मनात.

म्हणजे त्यांच्याकडे महाभारत नव्हतंच?

हान चिनी (म्हणजे चीनमधल्या बहुसंख्य लोकांच्या) परंपरेत तरी नव्हतं. (आजच्या चीनमधल्या तिबेटी, मंगोल आणि किरगिझ लोकांकडे गेसर, जांगर, मानस अशी प्रचंड महाकाव्यं आहेत. त्यामुळे 'चीनमध्ये महाकाव्य नाही' हे वाक्य सरसकट म्हणू नये.) कारणांवर वाद आहेत, पण एक कारण नेहमी सांगितलं जातं. कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या विद्वानांना अद्भुताचं वावडं होतं. 'गुरू विचित्र गोष्टी, बळाचे पराक्रम, बंडाळी आणि भुतंदेवं यांविषयी बोलत नसत' असं त्याच्या वचनांच्या पुस्तकातच लिहिलंय.

या मंडळींनी दंतकथांचं काय केलं याचा एक मजेदार नमुना आहे. क्वेइ नावाचा एक पाय असलेला प्राणी जुन्या कथांत होता. त्याच नावाचा संगीत-अधिकारी राजा शुनच्या दरबारातही होता. कोणीतरी कन्फ्यूशियसला विचारलं, "क्वेइला एकच पाय होता हे खरं का?" जुन्या चिनीत 'पाय' आणि 'पुरेसा' यांना एकच शब्द आहे. तो म्हणाला, छे, 'क्वेइ एक, पुरेसा' असं ते वाक्य आहे. असा माणूस एक असला तरी पुरे! राक्षसाचा एका फटक्यात सरकारी नोकर झाला. किस्सा नंतर रचलेलाही असेल, पण वृत्ती बरोबर पकडतो. देव इतिहासातले राजे झाले, चमत्कार सुशासनाचे दाखले झाले, आणि मूळ कथा सलग कोणी लिहून ठेवल्याच नाहीत.

दक्षिणेत, यांगत्सेच्या खोऱ्यातल्या छू राज्यात, हवा वेगळी होती. तिथला कवी छू युआन (साधारण इ. स. पू. ३४०–२७८) देवदेवतांच्या, आकाशप्रवासाच्या लांबच लांब कविता लिहितो. राजाने हद्दपार केल्यावर त्याने नदीत जीव दिला असं परंपरा सांगते. ड्रॅगनच्या तोंडाच्या होड्यांच्या शर्यती त्याच्याच आठवणीत होतात असं मानतात. 'थ्येन-वन' म्हणजे 'आकाशाला प्रश्न' ही त्याच्या नावावरची कविता. तिच्यात दीडशेहून जास्त प्रश्न आहेत आणि उत्तर एकही नाही. अगदी आरंभीची हकिकत सांगितली कोणी? चंद्र मरतो आणि पुन्हा जन्मतो, ही शक्ती त्याच्यात कुठून आली? त्याने पोटात ससा ठेवलाय, त्यात त्याचा फायदा काय?

शशी, शशांक म्हणणाऱ्या आपल्याला त्या सशाची ओळख करून द्यायला नको. आणि 'आरंभी काय होतं हे कोणाला ठाऊक' असं विचारणारं नासदीय सूक्तही आपल्याकडे आहेच. पण फरक असा की या कवितेतले पुष्कळसे प्रश्न आज कळतच नाहीत, कारण ते ज्या कथांवर विचारले होते त्या हरवल्या. पाठ्यपुस्तक गेलं, प्रश्नपत्रिका तेवढी उरली. २०२० मध्ये मंगळाकडे निघालेल्या चिनी यानाला याच प्रश्नपत्रिकेचं नाव दिलं.

रडणारी विणकरीण आणि उसना शब्द

त्या करवसुलीच्या कवितेपासून हजारेक वर्षं पुढे या. हान राजवटीचा उत्तरार्ध, बहुधा इसवी सनाचं दुसरं शतक. चारऐवजी पाच अक्षरांची ओळ रूढ झालीय. एक अक्षर वाढल्याने काय होतं? चाराचे दोन-दोन असे सारखे तुकडे पडतात, कवायतीसारखे. पाचाचे दोन आणि तीन पडतात. ओळ थोडी लंगडते आणि त्या लंगडण्यातूनच लय येते.

या काळातल्या एकोणीस निनावी कविता फार प्रसिद्ध आहेत. त्यातली दहावी आपल्या जोडीची. दूर तिकडे गुराख्याची चांदणी, लखलखीत ती नदीकाठची मुलगी. नाजूक हात, मागाचा खटखट आवाज. दिवसभरात कापड काही होत नाही, डोळ्यांतून पाऊस गळतो. नदी नितळ आहे आणि उथळही. मध्ये अंतर ते कितीसं? तेवढ्याशा पाण्याच्या अलीकडे-पलीकडे, नुसतं बघत, बोलता येत नाही.

'दिवसभरात कापड होत नाही' हे आधी कुठे ऐकलं? करवसुलीच्या कवितेत. तिथे कापड होत नव्हतं कारण चांदणी ती चांदणीच, विणणार कशी? इथे होत नाही कारण ती रडतेय. शब्द जवळजवळ तेच, कारण बदललं आणि उपहासाचा विरह झाला. चिनी कविता अशा उसनवारीवर उभी आहे. कवी जुन्या कवितेतले दोन-तीन शब्द उचलतो आणि ती अख्खी कविता मागच्या खोलीतून ऐकू येऊ लागते. आपण बोलताना नुसतं 'लक्ष्मणरेषा' म्हणतो, पुढचं कोणी समजावत बसत नाही, तसं. फक्त त्यांच्याकडे हे ओळीओळीला चालतं.

तांग काळ: लघु-गुरूच्या जागी सूर

तांग राजवट (६१८–९०७) हा या कवितेचा सुवर्णकाळ. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला या काळातल्या उपलब्ध कविता एकत्र केल्या तेव्हा त्या ४८,००० च्या वर भरल्या, कवी २,२०० हून जास्त. ली बाय, दू फू, वांग वेइ, बाय ज्यूयी हे सगळे याच काळातले.

याच काळात कवितेचे नियम पक्के झाले. ते समजून घ्यायला मराठी वाचकाइतकी तयारी फार थोड्यांची असेल, कारण आपण शाळेत गण पाडलेले आहेत. 'मनाचे श्लोक' भुजंगप्रयातात म्हणजे लघु-गुरूचा क्रम ठरलेला. चिनीत ऱ्हस्व-दीर्घाऐवजी सूर आहे: तोच उच्चार सपाट काढला तर एक अर्थ, चढवला-उतरवला तर दुसरा. कवींनी या सुरांचे दोन गट केले, सपाट आणि तिरके. आता दू फूच्या एका कवितेच्या पहिल्या दोन ओळी पाहा. साल ७५७, बंडखोरांनी राजधानी घेतलेली, कवी आत अडकलेला.

*देश – भंगला – डोंगर – नद्या – आहेत*
*शहर – वसंत – गवत – झाडं – दाट*

शब्दाखाली शब्द ठेवा. देशाखाली शहर, डोंगर-नद्यांखाली गवत-झाडं. आता सूर: पहिली ओळ तिरका-तिरका-सपाट-सपाट-तिरका, दुसरी सपाट-सपाट-तिरका-तिरका-सपाट. एकीचं बरोबर उलट दुसरीत, जसं फुगडीत एक मागे झुकते तेव्हा दुसरीही नेमकी उलट बाजूला. आठ ओळींच्या नियमबद्ध कवितेत मधल्या चार ओळी अशा जोडीने याव्या लागतात. चार ओळींच्या छोट्या प्रकारात थोडी सूट असते. आणि अर्थ? गवत दाट वाढलंय, म्हणजे रस्त्यावर माणसं उरलेली नाहीत. हे कवी सांगत नाही.

सुरांचं हे भान आलं कुठून? शन युए (४४१–५१३) आणि त्याच्या काळच्या कवींनी ते प्रथम नियमात बांधलं. काही अभ्यासकांचं म्हणणं, बौद्ध ग्रंथांची भाषांतरं करताना चिनी विद्वानांना संस्कृत छंदशास्त्र भेटलं आणि आपल्या भाषेचा आवाज वेगळा ऐकू येऊ लागला. सगळ्यांना हे मान्य नाही. मला मात्र ते पटण्यासारखं वाटतं. आपली भाषा कशी वाजते हे बरेचदा दुसरी भाषा शिकतानाच कळतं.

आपली जोडी इथेही आहे. दू मूच्या (८०३–८५२) नावावरची एक कविता, सात अक्षरांच्या चार ओळी, एकूण २८ शब्द: रुपेरी मेणबत्ती, शरदाचा उजेड, गारठलेला चित्रांचा पडदा. रेशमी छोट्या पंख्याने ती काजवे उडवतेय. पायऱ्यांवरची रात्र पाण्यासारखी थंड. पडल्या पडल्या ती बघते, गुराखी आणि विणकरीण.

संपली. कोण ही मुलगी? राजवाड्यातली दासी किंवा राणीवशातली एखादी. शरदात पंख्याचं काय काम? हान काळापासून शरदातला पंखा म्हणजे मन भरल्यावर बाजूला ठेवलेली स्त्री. काजवे ओसाड जागी येतात. तिच्या अंगणात आलेत. आणि ज्यांना वर्षातून एकदा तरी भेटता येतं त्यांच्याकडे ती बघतेय. दुःख हा शब्द कवितेत कुठेही नाही.

पण एवढी कविता लिहायला यांना वेळ कुठून मिळायचा?

नोकरीसाठी लिहायचे! सरकारी अधिकारी निवडण्याच्या तांगकालीन परीक्षांतली सर्वांत मानाची म्हणजे जिन्शी, आणि तिच्यात कविता रचावी लागे. एमपीएससीला दिलेल्या विषयावर, दिलेल्या यमकात वृत्तबद्ध कविता सक्तीची केली तर काय होईल, कल्पना करा. प्रत्येक महत्त्वाकांक्षी तरुण छंद घोकणार आणि जुने संग्रह पाठ करणार. ती उसनवारी सगळ्यांना कळायची ती यामुळे: कवी आणि वाचक एकच अभ्यासक्रम शिकलेले. पुढच्या राजवटींत हा पेपर कधी काढला, कधी परत आणला. परीक्षापद्धती मात्र १९०५ पर्यंत चालली.

आणि हो, दू फू या परीक्षेत नापास झाला होता. ली बाय कधी बसलाच नाही.

चाल ठरलेली, शब्द नवे

संगीत नाटकांची जुनी पुस्तकं चाळली असतील तर पदाच्या डोक्यावर 'चाल:' लिहून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचं नाव दिलेलं आठवेल. सुंग राजवटीत (९६०–१२७९) बहरलेली 'त्स' कविता अगदी अशीच. चाली आधीच्या, कवी त्यात शब्द भरतो. कवितेचं नाव म्हणजे चालीचं नाव. आत विषय भलताच असू शकतो. चाल वळते तशा ओळी लांब-आखूड होतात. या चाली पुढे बहुतेक विसरल्या गेल्या, शब्दांचे साचे राहिले. विरहिणीच्या तोंडी पुरुषांनी लिहिलेल्या कवितांच्या या गर्दीत ली छिंग-चाओ (१०८४ ते साधारण ११५५) ही कवयित्री स्वतःच्या आवाजात बोलते, आणि बाकीचे एकदम नाटकी वाटू लागतात.

एका चालीचं नाव 'मॅगपाय-पुलावरचे देव'. छिन ग्वानने (१०४९–११००) तीत चक्क पुलावरचीच कविता लिहिली, ५६ अक्षरांची. हजारेक वर्षं सगळे या जोडीबद्दल हळहळत आले होते. हा म्हणतो, सोनेरी वाऱ्यात एकदा झालेली भेट जगातल्या असंख्य भेटींपेक्षा मोठी. प्रेम टिकणारं असेल तर रोज सकाळ-संध्याकाळ बरोबर असायलाच हवं असं कुठे आहे? नोकरीनिमित्त दोन शहरांत राहणारी चिनी जोडपी ही ओळ आजही एकमेकांना पाठवतात.

भाषांतरात यातलं काय उरतं?

सूर नाहीत, यमक नाही. चिनी ओळीत 'मी', 'तू' बरेचदा नसतात, काळ नसतो, एकवचन-अनेकवचन नसतं. मराठीत आणताना 'बघतो' की 'बघते' हे ठरवावंच लागतं; वर दू मूच्या कवितेत मी 'ती' लिहिलं, मुळात असं सर्वनाम नाही. पण चिनी वाचकही मूळ आवाज ऐकतो असं नाही. हजार वर्षांत उच्चार बदलले. तांग काळातली कित्येक यमकं बीजिंगच्या आजच्या बोलीत जुळत नाहीत, दक्षिणेतल्या कँटोनीजमध्ये त्यांच्यापेक्षा बरी जुळतात. उरतं ते चित्र, आणि चित्रांमधली मोकळी जागा.

मग तो माकडांचा राजा?

तो बराच नंतरचा. छापखाने वाढले, बाजारात कथा सांगणारे आले, आणि मिंग काळात (१३६८–१६४४) विखुरलेल्या दंतकथा अखेर जाडजूड कादंबऱ्यांत गोळा झाल्या. भारतात ग्रंथ आणायला निघालेला भिक्षू आणि त्याचा माकड-शिष्य यांची शंभर प्रकरणांची कादंबरी १५९२ मध्ये छापली गेली. तो भिक्षू म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला ह्युएन त्संग. खरा ह्युएन त्संग सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या काळी महाराष्ट्रात येऊन गेला, आणि इथली माणसं उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, असं लिहून गेला. हल्ली चित्रपटांत गाजणारा अग्निचक्रांवरचा नाचा हा मुलगाही मूळचा आपल्याकडचा: कुबेराचा मुलगा नलकूबर, बौद्ध ग्रंथांबरोबर तिकडे गेला आणि चिनी झाला.

यानांची नावं म्हणजे सरकारी मिरवणंच ना?

त्यात मिरवणं आहेच. कोणता देश ते करत नाही? पण चंद्रावरच्या गाडीचं 'युथू' हे नाव २०१३ मध्ये लोकांच्या ऑनलाइन मतदानातून निवडलं गेलं. शाळेत पाठ केलेल्या कवितेतला ससा लोकांना आठवला, एवढंच.

ती जोडी बघायची असेल तर सप्तमीला आपल्याकडे ढग असतात, त्यामुळे ऑक्टोबरची एखादी निरभ्र संध्याकाळ निवडा. जेवणाआधी गच्चीवर जाऊन पश्चिमेकडे तोंड करा. उजवीकडे, वायव्येला, ठळक निळसर-पांढरी ती विणकरीण, म्हणजे आपला अभिजित. डावीकडे वर गुराखी, आपला श्रवण. शहराबाहेर असाल तर मधली नदीही दिसेल. गुराख्याच्या दोन बाजूंना दोन फिक्या चांदण्या आहेत. चिनी गोष्टीत ती त्यांची दोन मुलं, आईला भेटवायला बापाने कावडीत बसवून आणलेली. आपल्याकडे त्याच तीन ताऱ्यांत श्रावणबाळाची कावड बघतात. टोपल्यांत आईबाप बसलेले.